मेलबर्नएवढं मैदान

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यात एकही स्टेडियम डोळ्यांनी पाहिलं नाही. पण जगातलं सगळ्यात मोठं कोणतं, त्याच्या खालोखाल कोणतं, कुठे माणसं खुर्चीवर बसतात, कुठे लाकडी फळ्यांवर आणि कुठे नुसत्या गवतावर, हे त्याला तोंडपाठ होतं. विचारलं नाही तरी सांगायचा. आम्ही त्याला दादा म्हणायचो. नगरला एका रद्दीच्या दुकानात तो चार वर्षं कामाला होता. तिथे लष्करी छावणीतल्या साहेब लोकांच्या घरची इंग्रजी मासिकं किलोवर यायची. त्यातली क्रिकेटच्या मैदानांची चित्रं तो कापून ठेवायचा आणि खालचं इंग्रजी अक्षर अक्षर जुळवून वाचायचा. दुकान बंद पडलं तेव्हा तो एक पत्र्याची पेटी आणि एक जाड वही घेऊन गावी परतला. पेटीत दोन सदरे होते आणि वहीत मैदानं.

आमचं गाव काष्टीपासून दोन कोसांवर. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. वडील मी लहान असतानाच गेले होते. दादा वहीत चित्रं चिकटवायला पिठाची खळ करायचा, म्हणून आईचा त्या वहीवर राग. "भाकरीचं पीठ कागदाला खाऊ घालतोय," ती म्हणायची. तरी संध्याकाळी अंगणात दादाने वही उघडली की तीच पुढे सरकून बसायची.

"मेलबर्नला लाखाच्या घरात मानूस बसतं," दादा सांगायचा.

"बसंना का. पानी कुठून पितं?"

"नळ असत्यात, आई."

"लाख मानसाला?" आई माझ्याकडे बघायची, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावायचो.

एकदा त्याने लॉर्ड्सचं चित्र दाखवलं. सगळ्यात मोठं नव्हे, पण मानाचं, असं म्हणाला. त्या मैदानाला एका अंगाला उतार आहे, हेही त्याला माहीत होतं. आई लगेच म्हणाली, "मंग मधी बांध घातला असंल की. न्हाई तर पावसात माती ऱ्हाईल व्हय?" दादाने वही मिटली आणि दोन दिवस उघडली नाही. वेस्ट इंडिजात एका मैदानाबाहेरच्या झाडांवर चढून माणसं खेळ बघतात, तेही चित्र त्याच्याकडे होतं. वहिनीला ते फार आवडायचं. बाकीची मैदानं ती नुसती बघायची, पण झाडावरची माणसं ती बोटाने मोजायची.

मला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. दादाची मी थट्टाच जास्त केली. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. सातवी पास झालेली गावातली मी एकटीच मुलगी होते, त्यामुळे आपल्याला सगळं समजतं अशी माझी खात्री होती. पुढे जे झालं त्यात या खात्रीचा वाटा किती, हे मी इतकी वर्षं स्वतःशी ठरवत आले आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं.

बाहत्तर साली पाऊस झाला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही धड नव्हता. घोड नदीच्या पात्रात वाळू उघडी पडली होती आणि बाया तिथे झरे खणून वाटीवाटीने पाणी भरायच्या. जनावरं काही विकली गेली, काही गुरांच्या चारा-छावणीत गेली. आमची बैलजोडी छावणीत होती. दिवाळीच्या सुमाराला सरकारने गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम काढलं आणि सगळं गाव तिकडे लोटलं. दादा कुदळ मारायचा, मी पाटी वाहायचे. माती खणायच्या खड्ड्यांना चौकड्या म्हणायचे. दिवस संपला की चौकडी मोजायची आणि हजेरी मांडायची, असं रोजचं चालायचं. दुपारी परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी नाहीतर सुकडी, म्हणजे कामावर वाटलेला सरकारी कोरडा खाऊ, खायची. भर उन्हात नव्या बांधाच्या उतारावर हजारभर माणसं ओळीने जेवायला बसली की दादा त्यांच्याकडे टक लावून बघायचा. एकदा मला म्हणाला, "हे बघ, अस्संच असतं ते. फक्त समोर खेळ न्हाई."

वहिनीबद्दल आता सांगायला हवं. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं सातव्या महिन्यात झालं, ते श्वास न घेताच. आश्विनात तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा सुईण घरी येऊन बसली आणि दादाच्या तोंडावर म्हणाली, "हिला वझं द्यायचं न्हाई आन् लांब चालवायचं न्हाई. हे राखलं तर राखलं. पुढचं मला इचारू नका."

तलावाचं काम आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि मुकादम ओळखीचा. त्याने वहिनीला लिंबाखाली बसवलं. पाण्याची पिंपं तिच्या ताब्यात, आलेल्याला तांब्याभर पाणी द्यायचं, एवढंच काम. हजेरी लागायची आणि सुकडी मिळायची. ती घरी का बसली नाही, असं आजकालच्या मुली मला विचारतात. सुकडी हजेरीवाल्यालाच हातात मिळे आणि वहिनीच्या पोटाला तेवढाच काय तो आधार होता. माझ्या नि दादाच्या रोजात चौघांचं एका वेळचंही धड होत नव्हतं. घरी बसवली असती तर तिला उपाशी बसवली असती.

माघात मुकादमाने सांगितलं की तलाव महिन्याभरात पुरा होणार. पुढचं काम रस्त्याचं, तीन कोसांवर. रोज तीन कोस जायचं आणि तीन कोस यायचं. तिथला मुकादम परका, तिथे कोणाला झाडाखाली बसवणार नव्हते. ते ऐकून आम्ही घरी आलो. वहिनीने चुलीत काटक्या सारल्या. तिला चौथा सरत होता. आषाढापर्यंत दिवस काढायचे होते, आणि मधे चैत्र, वैशाख, ज्येष्ठ पडले होते.

दुसऱ्या दिवशी दादाने वहीतलं एक चित्र मला दाखवलं. ऑस्ट्रेलियातलंच मैदान होतं, सिडनीचं. एका बाजूला मोठाल्या इमारती, पण दुसऱ्या बाजूला नुसती मातीची टेकडी, वर गवत, आणि त्या गवतावर दाटीवाटीने माणसं.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"टेकडी."

"टेकडी न्हाई. स्टेडियम हाय. शिमिट न्हाई, लोखंड न्हाई. नुस्ती माती टाकलीया, आन् वर मानसं." त्याचे डोळे वेगळेच दिसत होते. "मातीकामच हाय हे. सरकारला मातीकामच पाहिजे ना?"

त्याचं म्हणणं असं होतं. शाळेमागे गावची मोकळी जागा होती. मधे एक टेकाड, सगळीकडे दगड, बोरी-बाभळींचं रान. तिथे दुष्काळी काम म्हणून तालुक्याचं स्टेडियम मागायचं. मधे मैदान सपाट करायचं आणि भोवती चारी बाजूंनी मातीचा बांध, पायऱ्या-पायऱ्यांचा. काम गावातच राहील, मुकादम तोच राहील. गावचे सगळे अर्ज दादाच लिहायचा, पण अक्षर माझं चांगलं म्हणून पक्का अर्ज मी उतरवायचा. मी हसले. मग उतरवायला बसले तेव्हा त्याने शेजारी वही उघडी ठेवली होती. प्रत्येक मैदानाच्या चित्राखाली त्याने शिसपेन्सिलीने महिने लिहिले होते.

"हे काय?"

"त्येवढं मैदान केलं तर काम कितीक दिस पुरंल त्ये. लॉर्ड्सएवढं केलं तर दीड म्हैन्यात संपतंय. कलकत्त्याएवढं केलं तर जेठापतोर जातंय. मेलबर्नएवढं केलं तरच आखाड गाठतोय."

वहिनीचे दिवस मोजून त्याने मैदानाचा घेर काढला होता. इतकी माणसं इतक्या चौकड्या खणतील, इतकी माती निघेल, इतका बांध होईल, असा सगळा हिशोब त्याने मागून पुढे केला होता. म्हणून आमच्यासारख्या गावाच्या अर्जात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं की येथे मेलबर्नएवढे, म्हणजे जगातले सर्वांत मोठे, स्टेडियम व्हावे. खाली साऱ्या गावाचे अंगठे. त्यांना एवढंच कळलं होतं की काम गावात राहणार. कोणी विचारलंही नाही की इथे येऊन खेळणार कोण.

उत्तर येणार नाही असं मला वाटलं होतं. आलं. येत्या पंधरवड्यात कामं मंजूर करणारे साहेब स्वतः जागा बघायला येतील, असं मुकादमाकडून कळलं. अख्खं गाव हरखलं. दादाला तर त्या दिवशी कुदळ हातात धरवेना.

आता माझी चूक. साहेब येणार म्हटल्यावर चावडीपुढे जी बसली होती माणसं, त्यांच्यासमोर मीच बोलले. "पाहुना येनार आन् त्याला उकिरडा दाखवनार का? काटं, दगडं, हागनदारी? बघूनच माघारी जाईल त्यो. जरा झाडूनलोटून, मैदानासारखं दिसंल असं तर करू." आमच्याकडे पाहुणा येतोय म्हटलं की अंगण सारवल्याशिवाय चैन पडत नाही. दारात चिखल दिसला तर घरच्या बाईची अब्रू जाते. माझं बोलणं सगळ्यांना पटलं. दादालासुद्धा पटलं. एवढ्या माणसांत एकालाही वेगळं सुचलं नाही.

मग गाव कामाला लागलं. तलावावरचं काम सुटलं की उजेड असेतो सगळे शाळेमागे. सुट्टीचा वार पूर्ण दिवस. हजेरी नाही, सुकडी नाही, कोणी सांगायला नाही, तरी लोक इतके राबले की तेवढे सरकारी कामावर कधी राबलेले मी पाहिले नाहीत. बोरी-बाभळी तोडून सरपणाला वाटून घेतल्या. दगड वेचून कडेला रचले. टेकाड फोडलं आणि ती माती खड्ड्यांत ओढून दाबली. बैल नव्हते म्हणून माणसांनीच जू खांद्याला लावून फळी ओढली. आठव्या दिवशी जागा अशी सपाट झाली की या टोकाला ठेवलेली घागर त्या टोकावरून दिसावी. म्हाताऱ्या येऊन नुसत्या बघत उभ्या राहायच्या.

मधली पट्टी दादाने दोरी लावून आखली. ती कशी हवी ते त्याला चित्रावरून माहीत होतं, करायची कशी हे नव्हतं. टणक हवी, गुळगुळीत हवी, चेंडू पडला तर मातीत रुतता कामा नये, असं तो सांगत होता. वहिनी कडेला बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजी खळंच की वो."

खळं करण्यात वहिनीचा हात कोणी धरला नसता. ज्वारीची मळणी करायची तर जमीन अशी लागते की दाणा मातीत जाऊ नये. ती आधी भिजवायची, तुडवायची, धुम्मसाने ठोकायची, मग शेणाने सारवायची. त्या साली गावात एकही खळं झालं नव्हतं. मळायला काही नव्हतं. पण प्रत्येक घराने तांब्या-तांब्या पाणी दिलं, प्यायच्या पाण्यातलं, आणि शेण चारा-छावणीतून आणलं. बायांनी पट्टी पायांनी तुडवली आणि वहिनी बसल्या जागी सरकत सरकत हाताने सारवत गेली. बसून करायचं काम, म्हणून आईनेही हरकत घेतली नाही. पार संध्याकाळपर्यंत ती करत होती.

"वन्सं," तिने मला विचारलं, "हितं मळत्यात तरी काय ते?"

"चेंडू टाकत्यात."

"नुस्ता चेंडू?" तिला खरंच वाटेना. मग म्हणाली, "चांगलं हाय. पोरगं झालं तर हितंच रांगंल." पोटातल्या मुलाबद्दल ती मोठ्याने बोललेली मी तेवढीच ऐकली. आई ओरडली, असं आधी बोलू नये म्हणून. वहिनी हसून पुन्हा हात फिरवायला लागली.

साहेब फाल्गुनात जीपने आले. तरुण होते, बोलायला मोकळे. मैदानावर पाय ठेवला आणि थांबले. "अरे वा!" म्हणाले. पट्टीजवळ जाऊन बसले, हाताने थोपटून पाहिली, बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. "काय सुंदर विकेट केलीय! कुणी केली?" दादाने वहिनीकडे बोट केलं. तिने पदर पुढे ओढला. साहेब म्हणाले की यांना नगरच्या मैदानावर न्यायला हवं, आणि सगळे हसले. कोणीतरी बाभळीच्या फळीची बॅट आणली. साहेब कॉलेजात खेळलेले होते. त्यांनी हातातलं घड्याळ काढून मुकादमाकडे दिलं आणि दादाला चेंडू टाकायला सांगितलं. दादाने आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या खेळपट्टीवर चेंडू टाकला. चेंडू छान उसळला. साहेबांनी तो असा मारला की पार शाळेच्या भिंतीवर आपटला, आणि गावाने टाळ्या वाजवल्या. पाच-सहा चेंडू झाले असतील. दादाचा चेहरा मला आजही दिसतो. मला वाटलं, झालं काम.

मग साहेबांनी कागद काढले. "अर्ज वाचला मी तुमचा. मेलबर्नएवढं म्हणे! मेलबर्न म्हणजे काय, माहिती आहे का?"

"व्हय साहेब," दादा म्हणाला, आणि त्याने सांगितलं. मेलबर्न, कलकत्ता, सिडनी, लॉर्ड्स, सगळं. कुठे सावली कोणत्या बाजूला पडते इथपर्यंत सांगितलं. साहेब ऐकत राहिले. त्यांचा थट्टेचा सूर गेला.

"हे बघा," ते म्हणाले, "बसायला बांध मला मंजूर करता येत नाही. पाणी अडवणारा बांध असता तर वेगळं. पण शाळेच्या मैदानाचं सपाटीकरण आमच्या यादीत बसतं. खरं तर मी तेच द्यायचं ठरवून आलो होतो. तुम्ही लिहिलंय इथे टेकाड आहे, दगड आहेत, झाडोरा आहे. थोडी थोडी माणसं लावून चार-पाच महिने काम सहज पुरवता आलं असतं. ते टेकाड कुठे आहे?"

गर्दीतला एक जण छाती काढून म्हणाला, "काढलं साहेब! आठ दिसांत काढलं समद्यांनी मिळून! फुकट!"

साहेबांनी मैदानावर नजर फिरवली. "मग आता यात काम काय राहिलं?" त्यांनी विचारलं. ते रागावून नव्हते विचारत. त्यांना खरंच कागदावर लिहायला काही सापडत नव्हतं.

दादा पुढे झाला. "माती हितंच हाय, साहेब. परत टाकतो टेकाड. दगडं बी हायती कडंला. उंद्यापतोर हुतं तसं करून देतो."

साहेब हसले. मग दादा हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मान खाली घातली. त्यांना खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी वाट काढली असती का, मला माहीत नाही. ही बाई पाचव्यात आहे, हिला चालवायची नाही, म्हणून हे सगळं आहे, एवढंच सांगायचं होतं. पण परक्या पुरुषापुढे असलं बोलायची रीत नव्हती. दादा बोलला नाही, आई बोलली नाही. आणि मी, जिचं तोंड गावात कोणापुढे थांबत नव्हतं, ती मी चार हातांवर उभी असून मुकी झाले. वहिनी खाली बघत होती, तिने सारवलेल्या पट्टीकडे. साहेबांनी कागदावर लिहिलं, मैदान सुस्थितीत आहे, कामाची आवश्यकता नाही. जाताना त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा मला आजही राग येतो, आणि तो माणूस वाईट नव्हता हेही मला ठाऊक आहे.

घरी आल्यावर मी रडून सांगितलं की माझ्यामुळे झालं. दादा म्हणाला, "तुझ्यामुळं कसं? समद्यांनीच केलं." त्याने तसं म्हणायला नको होतं. त्याने मला दोन ठेवून दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चैत्रात आम्ही रस्त्याच्या कामावर जायला लागलो. उजाडायच्या आत निघायचं. वहिनी आमच्या मागे. वाटेत ओढ्यांवर चार मोऱ्या होत्या, प्रत्येक मोरीवर ती बसायची. दादा तिच्याशेजारी उभा राहायचा आणि सूर्याकडे बघायचा, कारण उशीर झाला तर हजेरी कटायची. तिची पाटी आम्ही अर्धी भरायचो. मुकादम बघायचा आणि पाटीला पाय मारून भर घालायला लावायचा. मी त्याच्याशी दोनदा भांडले. तिसऱ्यांदा त्याने आम्हा तिघांनाही दिवसभर कामाबाहेर बसवलं, तेव्हापासून मी भांडणं सोडलं. आपण काही करू शकू असं मला तेव्हा वाटेनासं झालं, आणि ते पुढेही कधी फारसं वाटलं नाही.

दादाने वही उघडणं सोडलं. शाळेमागच्या मैदानावर कोणी खेळलं नाही. सगळे तीन कोसांवर जात होते, खेळायला होतं कोण. वाऱ्याने सारवण उडून पट्टीवर पोपडे आले.

वैशाखात एका दुपारी वहिनीने पाटी खाली ठेवली आणि माझं मनगट धरलं. बायांनी लुगडी धरून आडोसा केला. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती ओरडली नाही, नुसतं "वन्सं, वन्सं" म्हणत राहिली. मुलगा झाला. आम्ही त्याला उलटा केला, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. एका म्हातारीने शेवटी माझा हात बाजूला केला. दादा कामाच्या त्या टोकाला होता. तो पळत आला तोवर म्हातारीने मुलाला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं होतं. दादाने तोंड बघितलं. मग तो आणि आणखी एक जण कुदळ घेऊन ओढ्याकडे गेले. वहिनीला पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हरशेजारी बसवून घरी पाठवलं.

दहा दिवस ती घरात होती. आईने जे काय होतं त्याची पेज करून घातली. ती खायची, बोलायची नाही. दादाही तिच्याशी बोलत नव्हता. मी तर तिच्या नजरेसमोर जायलाही भीत होते.

अकराव्या दिवशी पहाट फुटताना मी आणि दादा निघालो, तर ती पाटी घेऊन दारात उभी. पदर खोचलेला.

"तू कशाला?" दादा म्हणाला. "ऱ्हा की घरी. येवढं लांब चालायचं..."

"आता चालले तर कुनाचं काय जातंय?" ती म्हणाली, आणि आमच्या पुढे निघाली. आम्ही मागे राहिलो. पहिली मोरी आली, दुसरी आली. त्या दिवशी तीन कोसांत ती कुठेही बसली नाही.